मी मोकळा उभा होतो

माझे हात चांगले होते, असं सगळे म्हणायचे. आता सकाळी उठल्यावर ही बोटं पुरती मिटत नाहीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवायचं तर आधी हात गरम पाण्याखाली धरावे लागतात, आणि तसा नळापाशी उभा असताना मला खरंच नवल वाटतं, की एके काळी या दोन हातांच्या भरवशावर आमच्या घरातल्या तिन्ही माणसांनी आपलं पुढचं आयुष्य ठरवून टाकलं होतं. हे ओसाकातलं. एका खासगी रेल्वेच्या छोट्या स्टेशनापासून सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. खाली रेल्वेचं फाटक होतं आणि दर काही मिनिटांनी त्याची घंटा टणटण वाजायची. आई ती घंटा ऐकून वेळ सांगायची. ‘ही पावणेआठची गेली, बाबा आता स्टेशनवर पोचले असतील,’ असं म्हणत ती कुकरच्या शिट्ट्या मोजायची, आणि घंटा आणि शिट्टी एकदम वाजली की हमखास गोंधळायची. मग त्या दिवशी भात तरी मऊ व्हायचा किंवा वरण कच्चं राहायचं.

बाबा आयटीत होते. पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आले, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि ती दोन वर्षं वाढत वाढत गेली. आई पुण्यात शाळेत गणित शिकवायची. इथं आल्यावर पहिली काही वर्षं तिनं घरातच काढली, कचऱ्याचं वर्गीकरण पाठ केलं, कोणत्या वारी प्लास्टिक आणि कोणत्या वारी बाटल्या ते सगळ्या मजल्यांवरच्या बायकांपेक्षा तिला जास्त नीट कळायला लागलं, आणि मग ती स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये तयार खाण्याच्या काउंटरवर अर्धा दिवस काम करायला लागली. माझं मराठी तिच्यामुळे टिकलं. मी जपानीत उत्तर दिलं की ती ऐकू न आल्यासारखं करायची. बाबांचं जपानी छान होतं, पण ऑफिसच्या फोनवर बोलताना ते इतके वाकायचे की समोरचा माणूस त्यांना पाहत नाही हे ते विसरलेत असं मला वाटायचं.

त्या घरात अमेरिकन फुटबॉल कुठून आला, तर शाळेच्या कॉरिडॉरमधून. अकरावीला होतो. जेवणाच्या सुट्टीत मी एका हातात दुधाचं खोकं घेऊन चाललो होतो, आणि दोन मुलं तो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू एकमेकांकडे फेकत होती. एकाचा नेम चुकला. चेंडू माझ्या डोक्यावरून खिडकीकडे निघाला होता, मी उडी मारली आणि मोकळ्या हातानं तो झेलला. दुसऱ्या हातातलं दूध सांडलं नाही. बस, एवढंच. त्या मुलांनी मला त्याच संध्याकाळी मैदानावर नेलं. त्या खेळात एक जण चेंडू फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि एक गडी मैदानाच्या कडेनं जीव खाऊन पळत सुटतो आणि पुढे जाऊन तो चेंडू झेलतो. तो वाइड रिसिव्हर. मला पळता यायचं आणि झेलता यायचं. कोणी शिकवायच्या आतच मी तो झालो.

वर्षभरात एका विद्यापीठाच्या संघाचे कांतोकु, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आमच्या घरी आले. जाडजूड, बुटके, साठीच्या जवळचे गृहस्थ. दारात बूट काढून ते इतके जुळवून ठेवले की आईनं नंतर तेच दोनदा सांगितलं. तिनं शिरा केला होता. त्यांनी तो चमच्यानं नव्हे, चॉपस्टिक्सनं खाल्ला, एकेक घास उचलून, आणि एक बेदाणाही सोडला नाही. मग खाली बसूनच बाबांना म्हणाले, “मी तीस वर्षं हेच करतोय. असे हात मी आजवर दोनदा पाहिले.”

“दुसरे कोणाचे?” बाबांनी विचारलं.

“तो सोडून गेला,” कांतोकु म्हणाले, आणि चहा प्यायले.

मी चार वर्षं त्यांच्याकडे खेळलो तर पुढे एखाद्या मोठ्या कंपनीच्या संघात जाईन, नोकरी आणि खेळ दोन्ही मिळेल, ओसाकाभोवतीचा सगळा कानसाई प्रदेश मला ओळखेल, असं ते बोलले. बाबांना क्रिकेटखेरीज कशातलं काही कळत नव्हतं. पण त्या दिवशी कांतोकुंना स्टेशनवर सोडून ते परत आले ते वेगळेच होऊन आले. दारातच उभे राहून म्हणाले, “अगं, तो माणूस वाकून नमस्कार करत होता. मला!” इतकी वर्षं ते सगळ्यांना वाकत आले होते. मला वाटतं, माझ्या खेळावर त्यांचा जीव जडला तो त्या क्षणी.

मला वजन वाढवायला सांगितलं होतं. आमच्या घरी अंडंसुद्धा रविवारी आणि वेगळ्या भांड्यात. आई महिनाभर डाळी, पनीर, टोफू असं काय काय करत राहिली, आणि मग एका शनिवारी काउंटरवरच्या नाकागावा-सान नावाच्या बाईंना घरी घेऊन आली. त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या, आईनं बाल्कनीचं दार उघडलं, पंखा लावला, जुना एप्रन चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला हात लावला. मी दारातून बघत होतो. तिनं तोंड एका बाजूला वळवलं होतं आणि नाकागावा-सान तिच्या मनगटाला धरून सुरी कशी फिरवायची ते दाखवत होत्या. पुढे तिला ते जमलं. गोडा मसाला घालून ती असा काही रस्सा करायची की तसा मी नंतर कुठंच खाल्ला नाही. पण तिनं स्वतः तो कधी चाखला नाही. मीठ बरोबर आहे का ते मलाच सांगावं लागायचं. पुण्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला की ती पातेल्यावर झाकण ठेवायची आणि “पनीर आहे, आई,” म्हणायची.

माझं नाव अमेय. जपानी तोंडात त्याचं ‘आमे’ झालं, आणि आमे म्हणजे पाऊस. विद्यापीठात पहिल्याच हंगामात त्या नावाचा विनोद झाला, कारण माझा काही भरवसा नव्हता. एका रविवारी मी कडेच्या रेषेवर, एक पाय हवेत असताना, दोन बोटांत चेंडू अडकवून घेतला आणि समोरच्या संघाचे लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या रविवारी अगदी छातीवर आलेले, लहान मूलही धरेल असे तीन चेंडू माझ्या हातांतून साबणासारखे निसटले. आधी कळायचं नाही. सराव चांगला झाला म्हणून सामना चांगला व्हायचा असं नाही, झोप झाली नाही म्हणून वाईट व्हायचा असंही नाही. सामन्याच्या दिवशी संघातली मुलं मला बघून एकमेकांना विचारायची, “आज आमे पडणार का?” मीही हसायचो. आता सांगतो, सामन्याच्या सकाळी बूट बांधताना मी स्वतःलाच ते विचारत असायचो आणि मला हसू येत नसे.

जो तो आपापलं कारण काढायचा. कांतोकु म्हणायचे, अवघड चेंडूला विचार करायला वेळ नसतो, सोप्याला असतो, आणि हा त्या वेळात वाहून जातो. बाबा म्हणायचे, कॉन्सन्ट्रेशन. आई सामन्याच्या आदल्या दिवशी मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. मग कोणीतरी बाबांच्या डोक्यात भरवलं, की डोळ्यांत काहीतरी दोष असेल, जवळ येणारी वस्तू नीट दिसत नसेल. बाबांनी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली. आम्ही तिघंही उमेदा भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दोन तास माझ्या डोळ्यांत थेंब घालून, दिवे मारून, बिंदू दाखवून झाले. बाहेरच्या बाकावर आई-बाबा जवळजवळ प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते. दोष सापडेल, चष्मा लागेल नाहीतर व्यायाम देतील, आणि सगळं सुरळीत होईल. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि हसून सांगितलं, “अभिनंदन. डोळे अगदी उत्तम आहेत. सर्वसाधारण माणसापेक्षाही चांगले.” बाबांनी विचारलं, “अजून एखादी टेस्ट?” बाई म्हणाल्या, “त्याची गरज नाही.” परत येताना प्लॅटफॉर्मवर आई रडली. आजूबाजूचे लोक दूर सरकून उभे राहिले. मुलाचे डोळे चांगले आहेत म्हणून रडणारी बाई त्या स्टेशनानं दुसरी पाहिली नसेल.

मला तिसरं वर्ष लागलं त्या वसंतात बाबांना पुण्याहून विचारणा झाली, की परत या, इथलं ऑफिस तुम्ही सांभाळा. एवढी मोठी जागा त्यांना पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि आजीलाही आता बसता-उठता येत नव्हतं. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, कपडे वाळत घालता घालता. “नव्या वर्षापर्यंत वेळ मागून घेतलाय त्यांनी,” ती म्हणाली. “तुझा हा सीझन होऊ दे म्हणाले. तुला इथं एकट्याला टाकून जाववत नाही रे त्यांना. तू आता कुठं…” ती चिमटे लावत राहिली.

त्या सगळ्या माणसांत एकट्या मोरिता-सेनपाईंना माझ्या बाबतीत कसलंच कारण शोधायचं नव्हतं. ते आमचे क्वार्टरबॅक, माझ्याहून एक वर्ष पुढे, म्हणून सेनपाई. बोलायला अगदी कमी. वाकायामाकडचे, वडिलांचं तिथं कौलांचं दुकान होतं. दोन वर्षं ते रोज सकाळी सात वाजता योदो नदीच्या काठी माझ्यासाठी उभे असायचे, थंडी असो, धुकं असो. शंभर चेंडू फेकायचे. मी किती धरले, किती सोडले, यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. शंभर झाले की कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून आणलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, माझ्यासाठी आठवणीनं खारवलेल्या उमेबोशी फळाचा, पुढे करायचे आणि विचारायचे, “उद्या येशील ना?” मी म्हणायचो, “हो.” एका मोठ्या कंपनीच्या संघाचे लोक त्यांना बघायला येऊ लागले होते. चौथं वर्ष, त्यांचा शेवटचा हंगाम, आणि त्यांचा निम्मा खेळ माझ्या हातांत पडायचा होता.

त्या वर्षी आम्ही खालच्या गटात पहिले आलो. वरच्या गटातल्या तळाच्या संघाशी एक सामना जिंकला की आम्ही वर, ते खाली. डिसेंबरातली भर दुपार होती, ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. आई-बाबा स्टँडमध्ये चौथ्या रांगेत होते. आईनं मांडीवर गाद्यांसारखे दोन स्वेटर घेतले होते. त्यांच्या मागच्या रांगेत कोट घातलेले कंपनीचे दोन गृहस्थ बसले होते.

पूर्वार्धात मी जे खेळलो तसा त्याआधी कधी खेळलो नव्हतो. एक चेंडू मी पाठ करून, नुसत्या अंदाजानं धरला. दुसरा दोन जणांच्या मधून वर उडून काढला आणि तसाच रेषेपलीकडे पडलो. सहा गुण. स्टँडमधून “आमे! आमे!” असा आवाज यायला लागला आणि त्यात बाबांचा आवाज मला ओळखू आला, कारण एकटे तेच ‘अमेय’ म्हणत होते. मध्यंतरात कांतोकुंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मला तेव्हाच भीती वाटायला लागली. नीट सांगता येणार नाही, पण सगळं चांगलं चाललं की मला वाटायचं, आता हे सगळे माझ्याकडून मागतच राहणार.

उत्तरार्धात पहिला सोपा चेंडू सुटला. मग दुसरा. तो तर दोन्ही तळव्यांत येऊन बसला होता, मी त्याच्याकडे पाहिलंही होतं, आणि तो निघून गेला. संघातले सगळे टाळ्या वाजवून “दोनमाई, दोनमाई” म्हणाले, म्हणजे मनाला लावून घेऊ नकोस. समोरचे पुढे गेले. शेवटी अशी वेळ आली, की आम्ही चार गुणांनी मागे, घड्याळात काही सेकंद, शेवटची रेषा वीसएक पावलांवर आणि आमच्याकडे फक्त एक डाव. कांतोकुंनी हातानं खूण केली. चेंडू आमेला. मैदानावर आम्ही अकरा जण डोक्याला डोकी लावून उभे राहिलो, मोरिता-सेनपाईंनी डाव सांगितला, सगळे टाळी देऊन सुटले. तेव्हा त्यांनी माझ्या हेल्मेटची जाळी धरून मला जवळ ओढलं.

“आमे. घेशील?”

इतक्या दिवसांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “मला नको. दुसऱ्या कोणाला तरी द्या. प्लीज.”

त्यांचे डोळे जाळीतून मला अगदी जवळून दिसत होते. त्यांनी एकदा मान डोलावली आणि जाळी सोडली. डाव बदलायला वेळ नव्हता. बाकीच्या कोणाला काही माहीत नव्हतं, ते सगळे मला मोकळं करण्यासाठीच पळणार होते. चेंडू त्यांच्या हातात आला, मी सवयीनं माझ्या वाटेनं सुटलो, दहा पावलं सरळ, मग आत, मग बाहेर. माझ्यावर नेमलेले दोघे जण आमच्या दुसऱ्या गड्यामागे गेले. कसे गेले देव जाणे. मी रेषा ओलांडली, वळलो, आणि माझ्या आसपास कोणी नव्हतं. इतकी मोकळी जागा मी कुठल्याच सामन्यात पाहिली नव्हती. अशा वेळी गडी हात वर करतो. पहिल्या दिवशी शिकवतात ते, मोकळा असलास तर हात वर कर. मी हात वर केला नाही. हात मांड्यांपाशी घट्ट धरून उभा राहिलो. मोरिता-सेनपाईंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं. मग मान उजवीकडे फिरवली, तिथं कोणीच सुटलेलं नव्हतं, ते थांबले, अजून थांबले, आणि त्यांच्या डाव्या बाजूनं येणारा धिप्पाड गडी त्यांना दिसलाच नाही. ते उजव्या खांद्यावर पडले. तो आवाज मला रेषेपर्यंत ऐकू आला. शिट्टी झाली. समोरच्या संघातली मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली.

खाली पडलेल्या मोरिता-सेनपाईंच्या जवळ कांतोकु गुडघ्यावर बसले होते. मी तिथं पोचलो तेव्हा ते विचारत होते, “आमे मोकळा होता. एकटा होता. का नाही टाकलास?” सेनपाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, “दिसला नाही. माफ करा. माझी चूक.” मी तिथंच उभा होतो. हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिलो.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले आणि आई समोर. तीन स्टेशनं गेल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, “मी पाहिलं. तू पूर्ण मोकळा होतास. ओरडलो मी, पण तिथवर कुठलं ऐकू जाणार. त्यानं बघितलंच नाही रे.”

“एकदा नुसतं बघायचं ना,” आई म्हणाली.

“बिचाऱ्याला लागलं, वाईट झालं. पण चूक त्याची. तुझं काही चुकलं नाही.” बाबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांच्या आवाजात इतका हलकेपणा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. शोधून शोधून अखेर त्यांना एक असा दिवस सापडला होता, ज्या दिवशी दोष माझा नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हेल्मेटच्या पट्ट्यानं हनुवटीला झालेली जखम चुरचुरत होती आणि मला ती बरी वाटत होती.

आठवड्यानं मी हॉस्पिटलात गेलो. मोरिता-सेनपाईंचा खांदा शिवला होता, हात छातीशी बांधला होता. खिडकीतून समोरच्या शाळेचं पटांगण दिसत होतं, तिथं मुलं दोरीवरच्या उड्या मारत होती. मी आणलेल्या मोसंब्यांची पिशवी कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभा राहिलो.

“तुम्ही मला पाहिलं होतंत,” मी म्हणालो.

“पाहिलं होतं.”

“मग?”

“तू नको म्हणालास ना.” त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. मग ते म्हणाले, “कांतोकुंना मी ‘आमे दिसला नाही’ असं सांगितलंय. ते तसंच राहू दे. पण आमे, तू इथं परत येऊ नकोस.” रागानं म्हणाले नाहीत. दमल्यासारखे म्हणाले. मी वाकून बाहेर पडलो. मोसंबी घरी परत आली. आईनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की सेनपाई झोपले होते.

जानेवारीत एका संध्याकाळी जेवताना बाबांनी सांगितलं, की सकाळी त्यांनी पुण्याला नकार कळवला. “एकच वर्ष राहिलंय तुझं. आणि आता नवा क्वार्टरबॅक येतोय. तुझ्याकडे बघणारा,” असं म्हणून ते हसले. आई मला आणखी रस्सा वाढत होती. मी ताटावर हात आडवा धरला.

त्याच आठवड्यात जुन्या कागदांचा कचरा न्यायचा दिवस होता. सकाळी बाबा पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचा गठ्ठा दोरीनं बांधत बसले होते. आई कामावर गेली होती. मी त्यांच्या समोर बसलो आणि गाठीवर बोट धरलं, तसं ते नेहमी मला धरायला लावायचे, आणि सगळं सांगून टाकलं. मी काय म्हणालो, सेनपाईंनी काय केलं, मी कसा उभा राहिलो. मान वर न करता सांगितलं. बाबांनी गाठ मारली. ती सैल झाली, पुन्हा सोडून मारली.

“आईला सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगूस.”

मी म्हणालो, “बाबा, तुम्ही पुण्याला फोन करा. अजून होईल काहीतरी.”

“त्यांनी दुसऱ्याला घेतलं,” ते म्हणाले. गठ्ठा उचलून ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि पाठमोरेच म्हणाले, “हात तरी वर करायचास रे.” मग जिन्यानं खाली गेले. खाली फाटकाची घंटा वाजत होती. ते परत यायला खूप वेळ लागला.

वसंतात मी संघ सोडला. कांतोकुंनी अडवलं नाही. ते नुसते माझ्या हातांकडे पाहत राहिले, तेव्हा मला समजलं की पुढे कोणाच्या तरी घरी बसून ‘तो सोडून गेला’ असं ते आता दोघांबद्दल सांगतील. मोरिता-सेनपाईंचा खांदा जमेल तेवढा जमला, फेकण्यापुरता नाही. कंपनीचे लोक पुन्हा आले नाहीत. सेनपाई वाकायामाला वडिलांच्या दुकानात गेले. मी दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतो, त्यांचंही येतं, छापील मजकुराचं, खाली दुकानाचा शिक्का. बाबा ओसाकातच राहिले. त्यांच्याहून वयानं लहान माणूस त्यांचा साहेब म्हणून आला आणि त्यालाही ते फोनवर वाकत राहिले. आजी गेली तेव्हा ते पुण्याला दोन दिवस उशिरा पोचले. याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आता या वयात वाटतं. पण तेव्हा ते गप्प राहिले म्हणून मी त्यांचे आभारच मानायचो.

आईला आम्ही सांगितलं नाही. तिच्यापुरतं सगळं त्या ट्रेनमध्ये ठरून गेलं होतं. पुण्याहून कोणी आलं, कोणाचा फोन आला, कोणाचा मुलगा कुठल्या संघात निवडला गेला, की ती न चुकता सांगायची, “आमच्या अमेयचं झालंच होतं सगळं. त्या मुलानं एकदा बघायला हवं होतं.” बाबा आणि मी ताटात बघत जेवायचो. बाबा गेल्यावर मी एकटाच ताटात बघायला लागलो.

मी पुढे नोकरीसाठी कावासाकी शहरात आलो आणि शेवटची वर्षं आई माझ्याकडे होती. ती हॉस्पिटलात असताना तिचं मराठी आणि जपानी एकमेकांत मिसळायला लागलं होतं. एका दुपारी एक तरुण नर्स तिच्या हाताला सुई लावायला शीर शोधत होती, आणि तिनं गमतीनं आईला विचारलं, हे तुमचे चिरंजीव का? आईनं माझ्याकडे बोट केलं. थांबत थांबत, आपल्या त्या काउंटरवरच्या जपानीत तिनं सांगितलं, की हा फार मोठा खेळाडू होता, चेंडू झेलायचा, शेवटच्या सामन्यात एकटा उभा होता, अगदी एकटा, आणि कोणी पाहिलं नाही.

“अरेरे. खरंच?” नर्स माझ्याकडे वळून म्हणाली.

आई माझ्याकडे बघत होती.

“हो,” मी म्हणालो. “कोणी पाहिलं नाही.”